चुंबक भरण्याचं मशीन

रामवाडी, पेण
२ जानेवारी १९८९

काळूदादा,

नमस्कार. मावशीचा गुडघा आता कसा आहे ते कळव. विमलने तिच्यासाठी निरगुडीचं तेल करून ठेवलंय, कोणी वरशाला येणारं भेटलं की पाठवते.

काम असल्याशिवाय जनू लिहीत नाय असं तू म्हणशील, आणि खरंच काम आहे. गेल्या शिमग्यात टेम्पोतून उतरवताना आमच्या ऑर्केस्ट्राची गिटार फुटली, ते तुला सांगितलं होतं. नवी घेणं जमत नाय, म्हणून मीच बनवायला घेतली. गणपतीच्या कारखान्यात पाटाचं सागवान उरलं होतं, त्यातून अंग कापलं. दांडा जमला, तारा चढल्या. अडलंय पिकअपवर. तारांच्या खाली जी डबी बसते तिला पिकअप म्हणतात. आत सहा बारीक चुंबक उभे, त्यांच्याभोवती केसासारख्या तांब्याच्या तारेचे सात हजार वेढे. वरची तार हलली की खाली वीज उमटते आणि त्याचा आवाज होतो. वेढे मी विमलच्या शिवणयंत्रावर घातले, तीन दिवस लागले. पण चुंबक जुन्या भोंग्यातले. कापताना, घासताना तापले आणि त्यांचा जोर गेला. आता गिटार वाजवली तर डबड्यात माशी अडकल्यासारखा आवाज येतो.

पनवेलला एकजण स्कूटरचे मॅग्नेट भरून देतो. त्याच्याकडे गेलो. त्याच्या मशीनला स्कूटरचं गोल चाकच बसतं, माझे खिळ्याएवढे तुकडे त्यात ठरेनात. पण त्यानेच युक्ती सांगितली. वीज साठवून ठेवणारे मोठे कंडेन्सर चारशे व्होल्टला भरायचे, आणि जाड तारेच्या वेटोळ्यात चुंबक ठेवून तो सगळा करंट त्यातून एका दणक्यात सोडायचा. डोळ्याचं पातं लवेपर्यंत चुंबक भरतो.

कंपनीतलं कंडेन्सर पॅनेल तुझ्याच ताब्यात आहे. जुने काढलेले असतील तर चार-सहा दे, आणि जोडायचे कसे ते कागदावर काढून पाठव. माघी गणपतीला पेणमध्ये आमचा कार्यक्रम आहे. तोवर गिटार तयार नसली तर मंडळ महाडचा पोरगा घेणार आहे. मग मी पुन्हा कारखान्यात मूर्तींना रंग देत बसणार.

विमलला यातलं काही बोललो नाय. शिवाला तुमच्या कंपनीत शॉक लागून या मार्चला पाच वर्षं होतील, तरी घरातला बल्ब बदलायचा तर ती अजून मला लाकडी स्टुलावर उभं करते आणि स्वतः बटणाजवळ थांबते. भावाचं दुःख आहे, मी काय बोलणार. तिला सांगितलंय की पडवीत बाजाचं मशीन दुरुस्त करतोय.

तुझा,
जनू


वरसे, रोहा
६ जानेवारी १९८९

चि. जनू,

तुझं पत्र मिळालं. आईचा गुडघा आहे तसाच आहे.

कंडेन्सर मिळणार नाहीत. कंपनीतून एक स्क्रूसुद्धा बाहेर नेता येत नाही. कागदावर काही काढूनही पाठवणार नाही. हे तुझं काम नव्हे. तू रंगारी, वाजवणारा माणूस. विजेत तुला काय कळतं? ते डोक्यातून काढ. माघापुरती कुणाची गिटार मागून आण. मागायला लाज वाटत असेल तर मी तुझ्या मंडळाशी बोलतो.

आणि बायकोपासून लपवून घरात असलं काही करू नये. एवढं वडील भाऊ म्हणून सांगतो.

काळुराम


रामवाडी, पेण
११ जानेवारी १९८९

काळूदादा,

तुझं पत्र दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचावंसं वाटलं नाय.

माझ्या बाजाला तू कधी काम समजलाच नाहीस. लग्नात सगळ्यांसमोर म्हणालास, विमलला दिलंय ते कारखान्यातल्या रंगाऱ्याला, बाजावाल्याला नव्हे. आमचं लग्न तू जुळवलंस. तेव्हा घरोघर फिरलास, विमलच्या बाबांच्या पाया पडलास, म्हणून मी गप्प राहिलो. पण तीन वर्षांत एकदासुद्धा माझ्या कार्यक्रमाला आला नाहीस. आता साधं एक चित्र काढून मागितलं तर म्हणतोस, तुला काय कळतं.

तर ऐक. कळतं मला. इथला एक फोटो स्टुडिओ बंद झाला, त्याच्या फ्लॅशच्या पेटीतले आठ कंडेन्सर भंगारात मिळाले. फळीवर ओळीने बसवून जोडले, मेनवरून भरले आणि सोडले. फाडकन आवाज झाला. वेटोळ्यातून चुंबक काढला तर टेबलावरचा लोखंडी मोळा उडी मारून त्याला चिकटला. दादा, मला रडूच आलं. दोन चुंबक भरून डबीत घातले, आणि त्या दोन तारांचा आवाज असा काही निघाला की शेजारच्या गोदूबाई विचारायला आल्या, रेडिओ घेतलात काय म्हणून.

एक गंमत सांगतो. बटण बंद करून, मेनची वायरही काढून मी स्क्रू घट्ट करायला गेलो, तर ठिणगी उडाली आणि स्क्रूड्रायव्हरचं टोकच वितळलं. दांडा प्लास्टिकचा होता म्हणून मला काही झालं नाय. आता बंद केल्यावर पाच मिनिटं थांबतो. तेवढ्यात उतरत असेल.

पण जोर अजून कमी पडतोय. आणखी चार कंडेन्सर येणार आहेत. मंगळवारी सतराला आम्ही मुरुड, म्हसळा, माणगाव करायला निघतो, बुधवारी पंचवीसला परत. तोवर मशीन पडवीत आहे तसंच राहील. आल्यावर उरलेले चार चुंबक भरीन.

तुझ्या मदतीवाचून माझं काही अडलेलं नाय.

जनू


वरसे, रोहा
१५ जानेवारी १९८९

चि. जनू,

हे पत्र एकट्याने वाच आणि वाचून झालं की जाळ. विमलच्या हाती पडू देऊ नको.

पाच मिनिटांत उतरत नाही. पाच तासांतही नाही. भरलेला कंडेन्सर मेन काढल्यावरही दिवसच्या दिवस भरलेला राहतो. बाहेरून काही दिसत नाही, आवाज नाही, वास नाही. दोन टोकांना दोन हात लागले की करंट छातीतून जातो. फ्लॅशचे आठ म्हणजे माणसाला पुरून उरतात. स्क्रूड्रायव्हरचा दांडा लोखंडाचा असता तर हे पत्र मी लिहीत नसतो. फळीला हात लावू नको. हलवू नको. पुसू नको. विमलला त्या पडवीत जाऊ देऊ नको.

तू म्हणशील, हे आधी का नाही सांगितलं. तुझं पहिलं पत्र आलं तेव्हा मी कंपनीच्या गेटवर उभा होतो. कंडेन्सर हा शब्द वाचला आणि हातातला डबा खाली पडला. मला वाटलं, नाही म्हटलं की विषय संपेल. का नाही म्हणतोय ते सांगायला लागू नये, एवढंच बघितलं.

शिवा कसा गेला ते सगळ्यांना माहीत आहे. न विचारता पॅनेलमध्ये शिरला, हलगर्जीपणा केला, असं चौकशीच्या कागदावर आहे. पुढे कोणीतरी उठवलं की तो प्यालेला होता. ते खोटं आहे.

शटडाऊन होतं. पॅनेल पुसायचं काम. मेन स्विच मी माझ्या हाताने खाली केला. त्यानंतर अर्थिंगची काठी लावून एकेक कंडेन्सर रिकामा करायचा असतो. तो नियमच आहे आणि ते माझं काम होतं. शिफ्ट सुटायला वीस मिनिटं होती आणि काठी स्टोअरमध्ये राहिली होती. मी शिवाला म्हणालो, बंद केलंय, लाव हात. तो आत गेला आणि परत बाहेर आला नाही.

साहेबांनी विचारलं, तू त्याला सांगितलंस का. मी म्हणालो, नाही साहेब, तो आपणहून गेला. घरी बायको, आई, लेक पुढ्यात दिसत होते. एकदा खोटं बोलल्यावर पुढचं सगळं त्यावरच उभं राहिलं. प्यालेला होता असं लोक म्हणायला लागले तेव्हाही मी तोंड उघडलं नाही. त्याच्या बाबांनी ते खरं मानलं. मग त्यांच्या पोरीला चांगलं घर मिळावं म्हणून मी धावलो. तुझं लग्न मी का जुळवलं ते आता तुला कळलं. तुझ्या कार्यक्रमाला का येत नाही तेही कळलं असेल. विमल पहिल्या ओळीत बसलेली असते.

काल मी तुझ्याकडे यायला निघालो होतो. रोह्याच्या स्टँडवर पेणची गाडी लागली होती. कंडक्टरने दोनदा हाक मारली, मी चढलो नाही. विमल चहा आणून देईल आणि मी तिच्यासमोर हे बोलायचं कसं? तार करावी तर तारेत काय लिहू? म्हणून पत्र.

मिळाल्याचं उलट टपाली कळव.

काळुराम


[पोस्टकार्ड]

वरसे, २० जानेवारी

चि. जनू, पाकीट मिळालं का? दोन शब्द लिही. जे बंद ठेवायला सांगितलंय ते बंदच ठेव. कोणालाही जवळ जाऊ देऊ नको. रोज टपालाची वाट बघतो. — काळुराम


रामवाडी, पेण
२२ जानेवारी १९८९

भावजींस,

तुमचं पाकीट बुधवारी आलं. हे आदल्या दिवशीच मुरुडला गेले. तुम्ही कधी एवढं जाड पत्र पाठवत नाही. मला वाटलं, मावशींचं काही बरंवाईट झालं असेल, म्हणून फोडलं. कार्डही काल मिळालं.

मी सातवीपर्यंत शिकलेय. वाचता येतं.

ज्या दिवशी पत्र आलं त्याच दिवशी सकाळी मी पडवी सारवली होती. बाजाचं मशीन असं ह्यांनी सांगितलेलं. फळी मध्ये येत होती, म्हणून मी ती दोन्ही बाजूंनी धरून उचलली आणि भिंतीकडे ठेवली. मग वरची धूळ फडक्याने पुसायला घेतली. तेवढ्यात दूधवाल्याने हाक मारली म्हणून फडकं तिथंच टाकून गेले. ते फडकं अजून तिथंच आहे, दोन कंडेन्सरच्या मध्ये.

दुपारी तुमचं पत्र वाचलं. पडवीच्या दारापर्यंत गेले. दार ओढून कुलूप घातलं. किल्ली मंगळसूत्रात अडकवलीय. तेव्हापासून स्वयंपाक करताना, पाणी भरताना माझं लक्ष त्या दाराकडेच असतं. आत काही हलत नाही, वाजत नाही. तुम्ही लिहिलंय तसंच आहे. शेजारच्या गोदूबाईंची कोंबडी पडवीच्या कौलातून आत जाते, तिला हाकलत बसते. त्यांना वाटतं मला खूळ लागलं.

शिवाबद्दल काय लिहू? आमच्या बाबांनी त्याचा फोटो भिंतीवरून काढून ट्रंकेत घातला. दारूपायी मेला त्याचं नाव माझ्या घरात नको, म्हणाले. आई चोरून रडायची. बाबा जाताना सगळ्यांची नावं घेऊन गेले, शिवाचं घेतलं नाही. आणि दर दिवाळीला तुम्ही आमच्या घरी येत होता, माझ्या हातचा फराळ घेत होता.

हे बुधवारी येतील. मी त्यांनाही किल्ली देणार नाही. तुम्ही या आणि ते मशीन तुमच्या हाताने रिकामं करा. दुसऱ्या कोणाला मी तिथं जाऊ देणार नाही.

एक विचारायचं आहे. तुम्ही त्याला लाव हात म्हणालात, तेव्हा तो काय म्हणाला? ते तुम्ही लिहिलेलं नाही.

विमल


वरसे, रोहा
२८ जानेवारी १९८९

चि. विमल,

परवा तुझ्या घरी आलो, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर देता आलं नाही. तू दोनदा माझ्या तोंडाकडे बघितलंस. जनू बाजूला होता, पण ते कारण नव्हे. मी पिशवी उचलून स्टँड गाठला. म्हणून लिहितो.

आधी मशीनचं. तू कुलूप काढलंस आणि उंबऱ्यावर उभी राहिलीस. मी घरून रबराचे हातमोजे आणि लाकडी काठीला तांब्याची पट्टी बांधून आणली होती. इतकी वर्षं हे काम केलं, पण काठी टेकवण्याआधी मेनची वायर काढलीय ना ते तीनदा बघितलं. ते फडकं दिसलं तेव्हा तर मी परतच फिरणार होतो. काठी टेकवली तेव्हा टच्चकन ठिणगी उडाली. तू पाहिलीस. मेन काढून दहा दिवस झाले होते. जनू खालीच बसला.

मी कंडेन्सरला जो बल्ब जोडून दिलाय तो कधीही काढू नका. चुंबक भरून झाला की बल्बचं बटण दाबायचं. तो पेटेल आणि हळूहळू विझेल. पूर्ण विझल्यावरही काठी लावायचीच, आणि मगच हात. जनूला मी पाच वेळा करून दाखवलं, आणि त्याच्याकडून दहा वेळा करून घेतलं. उरलेले चारही चुंबक भरले तेव्हा तू उंबऱ्यावरून हलली नाहीस.

आता तुझं उत्तर.

मी म्हणालो, बंद केलंय, लाव हात. शिवा लगेच आत गेला नाही. पॅनेलच्या दारात थांबला, माझ्याकडे वळून त्याने विचारलं, "दादा, काठी लावलीत ना?"

मी म्हणालो, "लावली. चल, आटप."

त्याला सगळं माहीत होतं. मीच शिकवलं होतं. त्याने विचारलं होतं, विमल. तो हलगर्जी नव्हता. माझ्या शब्दावर गेला.

हे मी जनूलासुद्धा लिहिलं नव्हतं. बंद केलंय म्हणालो, एवढं कबूल केलं की मन हलकं होईल असं वाटलं होतं. झालं नाही. पाच वर्षं तो मला दारात उभा दिसतो आणि विचारतो.

सोमवारी मी कंपनीत लेखी देतो. मॅनेजरला एक, युनियनला एक, कारखाना निरीक्षकांना एक. नोकरी जाईल, की पोलीस येतील, मला सांगता येत नाही. घरी आईला आणि बायकोला आज सांगितलं. आई उठून आत गेली. बायको विचारत होती, पोरीच्या शाळेचं काय करायचं. भीती वाटते. पण आजवर जी वाटत होती ती वेगळी होती.

तुझ्या आईकडे जायची माझी हिंमत नाही. तू सांग, किंवा सांगू नको. तू ठरवशील तसं.

काळुराम


रामवाडी, पेण
२० फेब्रुवारी १९८९

भावजींस,

तुमचं पत्र मिळून बरेच दिवस झाले. माहेरी जाऊन येईपर्यंत लिहायचं नाही असं ठरवलं होतं.

माघी गणपतीला ह्यांनी गिटार वाजवली. लोकांनी दोन गाणी पुन्हा मागितली. महाडचा मुलगा आता येणार नाही, मंडळाने ह्यांनाच ठेवलंय. मी पहिल्या ओळीत होते, पण खरं सांगायचं तर गाण्याकडे लक्ष नव्हतं. ह्यांची बोटं तारांवर फिरत होती, गिटारीतून वायर निघून आवाजाच्या मशीनकडे जात होती, आणि मी त्या वायरकडे बघत बसले. कार्यक्रम संपल्यावर ह्यांनी आधी मेन काढला, मग लाकडी स्टूल ओढून त्यावर उभे राहून बाकीचं सोडवलं. मंडळाची माणसं हसली. हे हसले नाहीत.

पडवीतलं मशीन बल्बसकट ट्रंकेत घालून कुलूप लावलंय. पुढे कधी चुंबक भरायचे झाले तर दोघांनी मिळून उघडायचं, असं ठरलंय.

तुम्हाला पॅनेलवरून काढून स्टोअरमध्ये बसवलं आणि चौकशी पुन्हा उघडली, हे ह्यांना रोह्याहून आलेल्या माणसाने सांगितलं. मावशी तुमच्याशी बोलायला लागल्या का?

मागच्या सोमवारी माहेरी गेले. आई एकटीच होती, वाल सोलत होती. मी तुमची दोन्ही पत्रं नेली होती. तिला वाचता येत नाही, मी वाचून दाखवली. पहिल्यात मध्येच थांबवून तिने विचारलं, "म्हणजे तो प्यालेला नव्हता?" मी नाही म्हणाले. तिने वाल बाजूला सारले आणि पुढे वाच म्हणाली.

दादा, काठी लावलीत ना, हे मी वाचलं तेव्हा तिने ते पुन्हा वाचायला लावलं. मग आणखी एकदा. तीन वेळा वाचलं. मग ती उठून बाहेर गेली, शेजारच्या मालूकाकूंना हाक मारून आणलं आणि त्यांच्यासमोर मला परत वाचायला सांगितलं. मालूकाकूंनी आणखी दोघींना बोलावलं. संध्याकाळपर्यंत मी ती एक ओळ किती वेळा वाचली ते मला सांगता येणार नाही. घसा बसला. आई प्रत्येक वेळी मान डोलवत होती, जणू शिवाच घरात आलाय आणि शहाण्यासारखं बोलतोय.

फोटो भिंतीवर लागला. काचेला तडा गेलाय, पण चेहरा नीट दिसतो.

मी तुम्हाला माफ केलं असं लिहू शकत नाही. लिहिलं तर खोटं होईल, आणि आपल्याकडे खोटं पुष्कळ झालं. पण त्या पत्रामुळे मी आज जिवंत आहे, हेही खरं आहे. या दोन्हींचं काय करायचं ते मला अजून कळत नाही.

आईचा निरोप आहे. चार मार्चला शिवाचं वर्षश्राद्ध आहे. गावातली माणसं जेवायला असतील. तिला तुमच्या तोंडून, सगळ्यांसमोर ऐकायचं आहे. पत्रात लिहिलंय तसंच, शिवाच्या शब्दांत आणि तुमच्या शब्दांत. ती चिडेल, रडेल, की तुम्हाला उठून जा म्हणेल, मला माहीत नाही. भाऊबंद काय करतील तेही माहीत नाही. माझा काका तापट आहे, हे तुम्हाला ठाऊक आहे. मलाही धाकधूक आहे. ह्यांनी तुमच्याबरोबर यायचं कबूल केलंय, सकाळी साडेआठला रोह्याच्या स्टँडवर थांबतील.

कंडक्टर हाक मारील तेव्हा चढा.

विमल